पंचेचाळीस टक्क्यांचा हिशेब

सीबीसी या रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात पडला की घरातली मंडळी दोनच आकडे बघतात. हिमोग्लोबिन किती, आणि तापाचा पेशंट असेल तर प्लेटलेट किती. त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी ‘पीसीव्ही’ किंवा ‘हिमॅटोक्रिट’ अशी एक ओळ असते. पुढे ४१.८ किंवा ३६.२ असा टक्क्यांतला आकडा आणि त्याच्या बाजूला नॉर्मलची हद्द. आकडा ठळक छापलेला नसेल तर ती ओळ कुणी वाचत नाही. मला मात्र सगळ्या रिपोर्टात तीच ओळ वाचायला आवडते. ‘लाख कोटी’ हे शब्द एरवी अर्थसंकल्पाच्या दिवशीच कानावर पडतात. इथे ते आपल्या कातडीखाली निघतात.

आकड्याचा अर्थ साधा आहे. रक्ताच्या शंभर भागांपैकी किती भाग तांबड्या पेशींनी व्यापलाय, एवढंच तो सांगतो. पुरुषांत साधारण ४० ते ५०, स्त्रियांत ३६ ते ४६; लॅबप्रमाणे हद्द थोडी इकडेतिकडे होते. नवजात बाळात तो पन्नाशीच्या पुढेही असतो. उरलेला जवळजवळ सगळा भाग प्लाझ्मा, म्हणजे प्रथिनं, क्षार आणि साखर विरघळलेलं पिवळसर पाणी.

ताक नुसतं ठेवून दिलं की वर निवळ येते आणि दाट भाग तळाला बसतो. रक्तही, गोठू दिलं नाही तर, असंच बसतं, फक्त त्याला फार वेळ लागतो. म्हणून ते गरगरा फिरवायचं. मॅक्सवेल विंट्रोब या डॉक्टरने १९२९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये काम करताना यासाठी एक सरळ काचेची नळी आणली. तिच्यावर १०० मिलिमीटरपर्यंत खुणा. रक्त शंभराच्या खुणेपर्यंत भरायचं, मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी अर्धा तास फिरवायचं, आणि तांबडा थर जितके मिलिमीटर भरेल तितके टक्के. गणित करायची गरजच नाही. पुढे केसासारख्या बारीक भोकाची ७५ मिलिमीटरची नळी आली. ती मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्यांनी पाच मिनिटं फिरवतात. आत बसलेल्या पेशीला तेवढा वेळ पृथ्वीच्या ओढीच्या दहा हजार पट ओढ सोसावी लागते. नळी बाहेर काढली की खाली गर्द तांबडा थर, वर पिवळा, आणि दोघांच्या मधोमध एक पांढुरकी रेघ. त्या रेघेकडे मी पुन्हा येणार आहे.

आजच्या लॅबमध्ये मात्र तुमचं रक्त बहुधा कुणी असं फिरवत नाही. पीसीव्हीचा आकडा बहुतेक यंत्रं मोजत नाहीत, गुणाकार करून काढतात. शिकागोच्या वॉलेस कोल्टरला १९५३ मध्ये ज्या युक्तीचं पेटंट मिळालं ती ही: खारट पाण्यात पातळ केलेलं रक्त एका सूक्ष्म भोकातून ओढायचं आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना वीज सोडायची. पेशी भोकातून गेली की विजेला अडथळा होतो आणि एक झटका नोंदला जातो. किती झटके, त्यावरून किती पेशी. झटका केवढा, त्यावरून पेशी केवढी. सेकंदाला हजारो पेशी अशा मोजून होतात. १८५२ मध्ये जर्मनीत कार्ल फीअरोर्टने पहिल्यांदा रक्तातल्या पेशींची नीट मोजदाद केली तेव्हा एका नमुन्याला त्याचे तासच्या तास गेले होते.

आता तो गुणाकार. एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या रक्तात, धडधाकट पुरुषाच्या साधारण ५० लाख तांबड्या पेशी असतात. एका पेशीचं आकारमान सरासरी ९० फेम्टोलिटर. रिपोर्टात हे एमसीव्ही या नावाखाली छापलेलं असतं. एका मायक्रोलिटरमध्ये १०० कोटी फेम्टोलिटर मावतात. ५० लाख गुणिले ९० म्हणजे ४५ कोटी. शंभर कोटींत पंचेचाळीस कोटी, म्हणजे पीसीव्ही ४५ टक्के. तुमचा रिपोर्ट जवळ असेल तर ही तीन आकड्यांची जुळणी करून बघा, दशांशाचा फरक सोडला तर जमते. घाई असेल तर आणखी सोपा ठोकताळा आहे: हिमोग्लोबिनची तिप्पट. हिमोग्लोबिन १४ असेल तर पीसीव्ही ४२ च्या आसपास यायला हवा. पेशी नेहमीच्या आकाराच्या असतील तर हा ठोकताळा क्वचितच चुकतो, आणि चुकला तर लॅबवाला आधी आपल्या यंत्राकडे संशयाने बघतो.

जांभळ्या बुचाच्या ज्या छोट्या नळीत तुमचं दोन मिलिलिटर रक्त घेतात, तिच्यात १,००० कोटी तांबड्या पेशी असतात. पृथ्वीवरची माणसं आठशे कोटींच्या थोडी वर आहेत. बोटातून टपकलेल्या एका थेंबात २५ कोटी पेशी, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. आणि सत्तर किलोच्या माणसाच्या अंगातल्या पाच लिटर रक्तात? २५ लाख कोटी. सेकंदाला एक या गतीने न झोपता मोजत बसलं तर जवळपास आठ लाख वर्षं लागतील.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो यांनी २०१६ मध्ये माणसाच्या अंगातल्या सगळ्या पेशींचा ताळेबंद मांडला. एकूण पेशी सुमारे ३० लाख कोटी, आणि त्यातल्या ८४ टक्के नुसत्या तांबड्या. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो छपाईची चूक वाटला होता. मेंदू, यकृत, कातडी, हाडं, स्नायू, चरबी मिळून उरलेल्या १६ टक्क्यांत! वजनात पाहिलं तर गणित उलटं पडतं: स्नायू आणि चरबी यांच्या पेशी अंगातल्या एकूण पेशींच्या वजनाचा तीन-चतुर्थांश भाग व्यापतात, पण संख्येत त्या शेकडा एकसुद्धा भरत नाहीत. २५ लाख कोटी तांबड्या पेशी सगळ्या मिळून जेमतेम अडीच किलो. त्यात आणखी एक गोष्ट. तांबडी पेशी हाडांतल्या मज्जेतून बाहेर पडण्याआधी आपलं केंद्रक टाकून देते. केंद्रक नाही म्हणजे डीएनए नाही. तेव्हा ‘शरीरातल्या प्रत्येक पेशीत डीएनए असतो’ हे शाळेतलं वाक्य तुमच्या दहातल्या आठ पेशींना लागूच पडत नाही.

एक पेशी साडेसात मायक्रॉन रुंद, कडेला दोन मायक्रॉन जाड, मध्ये दबलेली. तुमच्या सगळ्या पेशी एकावर एक रचल्या तर चळत ५०,००० किलोमीटर उंच होईल. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे. पण लांबीपेक्षा मला क्षेत्रफळ जास्त बोलकं वाटतं, कारण प्राणवायू आत-बाहेर होतो तो पेशीच्या पृष्ठभागावरून. एका पेशीचा पृष्ठभाग साधारण १३५ चौरस मायक्रॉन. २५ लाख कोटींनी गुणलं की सुमारे ३,४०० चौरस मीटर होतात. आपल्या हिशेबात ३३ ते ३४ गुंठे, एकराला सहा-सात गुंठे कमी. प्रत्येक माणूस एवढं शिवार पाच लिटरच्या घडीत घालून हिंडत असतो, सातबारा मात्र कुणाच्याच नावावर नाही.

पेशीच्या आत २७ कोटींच्या आसपास हिमोग्लोबिनचे रेणू. प्रत्येक रेणू प्राणवायूचे चार रेणू उचलतो. म्हणजे एका पेशीची खेप १०० कोटींहून मोठी. हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं आणि अंगात रक्तही तेवढंच आहे, म्हणून सरासरी मिनिटाला एक फेरी. पेशीचं आयुष्य १२० दिवसांचं. तेवढ्यात ती १ लाख ७२ हजार फेऱ्या मारते. वाटेत प्लीहेत तिला एका मायक्रॉनच्या आसपास रुंदीच्या फटींतून अंग चोरून जावं लागतं. वय झालेली, ताठर पडलेली पेशी तिथे अडकते आणि भक्षक पेशी तिला गिळून टाकतात.

२५ लाख कोटींना १२० दिवसांनी भागा. रोज सुमारे २० हजार कोटी पेशी मरतात आणि तितक्याच नव्या होतात. सेकंदाला २४ लाख. मुंबईची २०११ ची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती; हाडांतली मज्जा तेवढ्या पेशी पाच सेकंदांत तयार करते आणि सहाव्या सेकंदाला पुढच्या कामाला लागलेली असते. यासाठी रोज वीसेक मिलिग्रॅम लोह लागतं. जेवणातून आपण शोषतो ते फक्त एक ते दोन मिलिग्रॅम. बाकीचं सगळं मेलेल्या पेशींचं. भंगारातला कण न् कण वितळवून पुन्हा वापरायचा, असा हा कारभार आहे. ज्या स्त्रीच्या पाळीत दर महिन्याला जास्त रक्त जातं, तिच्या बाबतीत हा जमाखर्च किती लवकर तुटीत जात असेल याचा अंदाज इथे येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना पंडुरोग निघाला. बाकी सगळ्या अचाट आकड्यांपेक्षा हा साधा दोन अंकी आकडा जास्त अस्वस्थ करतो.

आता मुख्य गोष्ट. पीसीव्ही हा अपूर्णांक आहे, आणि अपूर्णांकाला अंश असतो तसा छेदही असतो. लोक फक्त अंशाचा विचार करतात: पीसीव्ही वाढला म्हणजे रक्त वाढलं, कमी झाला म्हणजे रक्त कमी झालं. हे अर्धंच खरं आहे.

अंशसुद्धा सरळ नाही, कारण तो स्वतःच एक गुणाकार आहे. ४५ लाख पेशी गुणिले ८७ केलं तर पीसीव्ही ३९ येतो. ६० लाख गुणिले ६५ केलं तरीही ३९. पहिला माणूस ठणठणीत असू शकतो. दुसऱ्याच्या पेशी भरपूर पण बारीक आहेत, आणि असं चित्र दिसलं की डॉक्टर थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषाची तपासणी सुचवतात. लोहाच्या कमतरतेत पेशीही बारीक आणि संख्याही उतरलेली: ४० लाख गुणिले ७०, पीसीव्ही २८. लग्न ठरवताना पत्रिकेतले गुण जुळवणाऱ्यांनी रिपोर्टातला हा गुणाकार बघितला तर तो जास्त उपयोगी पडेल. दोघेही थॅलेसेमिया मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते.

छेदाची गंमत गरोदरपणात दिसते. त्या काळात तांबड्या पेशी वाढतात, साधारण २० ते ३० टक्क्यांनी. पण प्लाझ्मा ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. पेशी आधीपेक्षा जास्त असूनही पीसीव्ही खाली येतो, म्हणून तिथे ३३ पर्यंतचा आकडा चालवून घेतात. अपघातात उलटा प्रकार. एखाद्याचं दीड लिटर रक्त रस्त्यावर सांडलं आणि लगेच तपासणी केली तर पीसीव्ही ४२ चा ४२ येऊ शकतो. पेशी आणि प्लाझ्मा दोन्ही एकाच प्रमाणात गेलेत, मग प्रमाण बदलेल कसं? काही तासांनी ऊतींमधलं पाणी शिरांमध्ये ओढलं जातं, सलाईन चढतं, तेव्हा कुठे आकडा घसरायला लागतो.

छेदाकडे दुर्लक्ष सगळ्यात महागात पडतं ते डेंग्यूत. पावसाळा सरत आला की आपल्याकडे घराघरात प्लेटलेटचा स्कोअर चालू होतो. सकाळी ८०, संध्याकाळी ६२, मग पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध, आणि व्हॉट्सॲपवर रक्तपेढ्यांचे नंबर. मघाची पांढुरकी रेघ आठवा. तिच्यात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट असतात. प्लेटलेट अडीच लाख, प्रत्येकीचं आकारमान साधारण १० फेम्टोलिटर. गुणाकार २५ लाख, भागिले १०० कोटी: रक्ताच्या पाव टक्का. त्या पाव टक्क्याची काळजी करू नये असं नाही. पण डेंग्यूत जिवाला धोका बहुतेक वेळा येतो तो प्लाझ्मा गळण्यामुळे. रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात आणि पाणी छातीत, पोटात उतरतं. पेशी मोठ्या, त्या आतच राहतात. मग पीसीव्ही चढतो.

किती चढला म्हणजे धोका? आधीच्या आकड्याच्या २० टक्के, असं जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. समजा पीसीव्ही ४० होता, तो ४८ झाला. पाच लिटर रक्तात पेशी दोन लिटर होत्या, आजही दोनच लिटर आहेत. पण दोन लिटर म्हणजे ४८ टक्के व्हायचे तर एकूण रक्त ४.१७ लिटरवर आलेलं असलं पाहिजे. सुमारे ८३० मिलिलिटर पाणी शिरांबाहेर गेलं, आणि त्वचेवर साधा ओरखडाही नाही. आता स्त्रीचा हिशेब बघा. तिचा आकडा एरवी ३६. वीस टक्के वाढून तो ४३ झाला. ४३ हा तर नॉर्मलच्या हद्दीत! यंत्र काही ठळक छापणार नाही, घरचे म्हणतील रक्त चांगलंय. म्हणून तापाच्या पहिल्या दिवसांतला रिपोर्ट जपून ठेवायचा असतो. तुलना छापील हद्दीशी नव्हे, स्वतःच्याच जुन्या आकड्याशी करायची असते. प्लाझ्माचं हे गळणं बहुधा ताप उतरताना घडतं, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चालतं. ताप गेला म्हणून घरी निघालेल्या पेशंटला डॉक्टर थांबवून धरतात आणि दर काही तासांनी सुई टोचतात ती याच ओळीसाठी.

पीसीव्हीच्या वरच्या टोकाला दुसरीच दुनिया आहे. फ्रेंच डॉक्टर फ्रान्स्वा व्हियो १८९० च्या सुमारास पेरूतल्या मोरोकोचा या खाणगावी गेला, साडेचार हजार मीटर उंचीवर. तिथे काही आठवड्यांत त्याच्या स्वतःच्या पेशी ५० लाखांवरून ७० लाखांपलीकडे गेल्या. विरळ हवेत मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढवतात, ते मज्जेला हाकारतं. फिनलंडचा स्कीपटू इरो मॅन्टिरांटा याला हे डोंगर न चढताच लाभलं होतं. ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णांसह सात पदकं मिळवणाऱ्या या माणसाचं हिमोग्लोबिन २० च्या वर असायचं. तिपटीचा ठोकताळा लावला तर पीसीव्ही साठीच्या पुढे. त्याच्यावर डोपिंगचा संशय घेतला गेला. १९९३ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्या कुटुंबात एरिथ्रोपोएटिनच्या ग्राहकाचं जनुकच बदललेलं आहे.

बाकीच्या काही खेळाडूंनी ते संप्रेरक टोचून घेतलं. नव्वदच्या दशकात ते पकडण्याची चाचणी नव्हती, म्हणून जागतिक सायकल संघटनेने १९९७ मध्ये सरळ पीसीव्हीवर रेघ मारली: पुरुषांत ५० च्या वर गेला तर पंधरा दिवस शर्यत बंद. ५ जून १९९९ च्या सकाळी इटलीतल्या मादोन्ना दी काम्पील्यो इथे जिरो या सायकल शर्यतीचा आघाडीवीर मार्को पांतानी याचा आकडा ५२ निघाला आणि शर्यत संपायला दोन दिवस उरले असताना तो बाहेर गेला. छेद ओळखणारे लोक या खेळातही होतेच. तपासणीची कुणकुण लागली की सलाईन लावून घ्यायचं, प्लाझ्मा वाढतो, आकडा खाली येतो, हे नंतरच्या कबुलीजबाबांत बाहेर आलं.

पण पीसीव्हीने पन्नाशी ओलांडली की रक्त झपाट्याने घट्ट होत जातं, आणि घट्ट रक्त प्राणवायू जास्त धरून असलं तरी ते हलायला तयार नसतं. पॉलिसायथेमिया व्हेरा या आजारात मज्जा न सांगता पेशी काढत सुटते. इटलीत ३६५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन गट केले होते: एकात पीसीव्ही ४५ च्या खाली ठेवला, दुसऱ्यात ४५ ते ५० च्या मध्ये. दुसऱ्या गटात हृदयविकाराने मृत्यू किंवा मोठी गुठळी यांचं प्रमाण जवळजवळ चौपट निघालं. अवघ्या पाच टक्क्यांच्या फरकाने. यावरचा मुख्य इलाज शतकानुशतकांचा जुना आहे: शीर उघडून रक्त काढून टाकणं.

रक्तदानात हेच आपण राजीखुशीने करतो. ३५० मिलिलिटरच्या पिशवीत १ लाख ७५ हजार कोटी पेशी जातात. मज्जेच्या नेहमीच्या उत्पादनात ही आठ-नऊ दिवसांची कमाई, आणि ती वेग वाढवून काही आठवड्यांत भरपाई करते. अडतं ते लोहापाशी. पिशवीबरोबर सुमारे १७५ मिलिग्रॅम लोह जातं, आणि जेवणातून येणारं एक-दोन मिलिग्रॅम रोजच्या किरकोळ झिजेतच खर्ची पडत असतं. आपल्याकडे पुरुषांना दोन रक्तदानांमध्ये तीन महिने आणि स्त्रियांना चार महिने थांबायला सांगतात. नव्या पेशी करायला मज्जेला एवढा वेळ लागत नाही. त्यांच्यात भरायचं लोह साठायला मात्र लागतो.